बाह्या मनगटापर्यंत

पहिला फटका निळ्या झग्यावरून बसला.

लियानने तो नुसता पलंगावर पसरून ठेवला होता. आज जहाजावर थाटाच्या जेवणाची रात्र. पुरुषांनी काळा कोट आणि बो, बायकांनी झगा नाहीतर आपापला पारंपरिक पोशाख, असं सकाळीच सगळ्यांना बजावून झालं होतं. निळ्या झग्याला बाह्या नव्हत्या. आणि लियानच्या डाव्या दंडावर परवा सिंगापुरात घरी पडलेले वळ अजून गेले नव्हते.

"मला चारचौघांत उघडा पाडायला आणलास का हा?" तिचा नवरा टेक सून म्हणाला, आणि दुसरा फटका ठेवून दिला. तिने कोपर वर केलं, तर तोच दंड मुठीत धरून त्याने तिला कपाटाच्या दारावर आदळलं. मग शांतपणे आरशासमोर जाऊन अर्धवट राहिलेला बो बांधू लागला.

"माकने शिवलाय तो केबाया घाल," तो आरशातूनच म्हणाला. माक म्हणजे त्याची आई. "बाह्या मनगटापर्यंत आहेत."

लियान त्याच्याकडे बघतच राहिली. मलाक्काच्या जुन्या बाबा, म्हणजे मलायी वळणाच्या चिनी घराण्यातला हा माणूस. आजी, आई, मावश्या, बहिणी, सगळ्यांना जन्मभर केबायात पाहत आलेला. केबाया म्हणजे सारोंगवरचा झंपर, आणि त्याचं कापड इतकं विरळ असतं की त्यातून पेपर वाचता यावा. आतल्या बंडीची लेस बाहेरून दिसावी म्हणूनच तर तो घालायचा. पण बायकोच्या अंगावर काय आहे हे या घरातल्या पुरुषांनी कधी नीट बघितलं असेल तर शपथ! सांगायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

म्हणाली मनात, बघू दे सगळ्यांना. आपण होऊन सांगायला तिची जीभ आजवर रेटली नव्हती. पण आज माकच्या पंच्याहत्तरीसाठी दीर, जाऊ, नणंद सगळे एका टेबलाशी बसणार होते. त्यातल्या एकाने जरी विचारलं, की लियान, हे काय झालं गं, तर ती सगळं सांगून टाकणार होती, आणि उद्या पेनांगला उतरून भावाच्या घरी जाणार होती. परत न येण्यासाठी. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

तिने बिनबाह्यांची बंडी घातली, कमरेला सारोंग नेसली, वर फिकट पिवळा केबाया चढवला आणि छातीवर साखळीच्या तीन पिना लावल्या. खोलीतल्या मंद दिव्यात टेक सूनने तिची मनगटं तेवढी तपासली.

जेवणघरात झुंबरं होती. लियान माक आणि नवऱ्याच्या मध्ये बसली आणि पिवळ्या कापडाखालचं सगळं वर आलं. परवाचं हिरवंजांभळं, त्यावर आजची लाल बोटं, अंगठासुद्धा वेगळा ओळखू यावा इतकी. टेक सूनला ते तेव्हा दिसलं. उजव्या हाताने त्याने हसत हसत भावाला वाईन ओतली आणि डाव्या हाताने टेबलाखाली तिच्या उजव्या हाताची करंगळी धरून मागे वाकवायला लागला. तिने ओठ दाताखाली धरला. डावा दंड मात्र टेबलावरून हलवला नाही.

जावेने पाहिलं, आणि तिला एकाएकी माशातल्या काट्यांची काळजी लागली. दिराने पाहिलं, आणि लांगकावी बेटावर पाऊस असेल का म्हणून विचारलं. नणंद बराच वेळ बघत राहिली, तिचे डोळे भरले, मग तिने संबलची, मिरचीच्या चटणीची वाटी मागितली. करंगळी आणखी मागे गेली.

शेवटी माक तिच्याकडे झुकली. म्हातारीने केबायाच्या बाहीवरून इतक्या मायेने बोट फिरवलं की लियानला आता हुंदका फुटणार असं वाटलं.

"आतलं पूर्ण बाह्यांचं नाही घातलंस?" माक हळूच म्हणाली. "केबायाबरोबर तेही शिवलं होतं गं मी. पिशवीत तळाशी असेल बघ. मी तर जन्मभर तेच घातलं. दोनदा धुतलं की मऊ पडतं."

टेबलाखाली करंगळी कटकन मोडली. हात हिसडून लियान उभी राहिली. डाव्या हाताने एकेक पिन काढली, केबाया अंगावरून उतरवला आणि माकसमोरच्या वाढदिवसाच्या नूडल्सवर टाकला.

"तुम्हीच घाला, माक. तुम्हाला सवय आहे."

टेक सून उठला. तिने वाईनची बाटली मानेपाशी धरून उचलली, तसा तो मुकाट खाली बसला. ती नुसत्या बंडीवर उभी होती. दंड, खांदे, आणि पाठ. पाठीचं तर नवऱ्याखेरीज घरात कुणालाच माहीत नव्हतं. अख्खं जेवणघर वळून बघत होतं, आणि तिला लाज वाटत नव्हती.

दाराकडून मुख्य वाढपी लगबगीने आला. पांढरे हातमोजे, कडक इस्त्रीचा कोट. त्याने तिच्या दंडाकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं, वाकड्या करंगळीवर त्याची नजर क्षणभर थांबली. तो काहीतरी विचारायला वाकला. लियानने बाटली खाली ठेवली.

"माफ करा, मॅडम," तो अदबीने म्हणाला. "आज रात्री इथे असे कपडे चालत नाहीत."