खालच्या काकूंचा डबा

खिम्यात मीठ दोनदा पडलं होतं. एकदा वहिनीने घातलं आणि एकदा, मदतीचा उमाळा येऊन, नवऱ्याने. चमचा तोंडात घालताच वहिनीने डोळे मिटून घेतले. नणंद आणि तिचा नवरा त्यांच्या घरून निघाले होते, आणि इकडे ओव्हन तापला होता.

बेत सोपा म्हणूनच निवडला होता. पावासारख्या फुगणाऱ्या विलायती बिस्किटाचं तयार मळलेलं पीठ बाजारातून आणायचं, त्याची पारी थापायची, आत चमचाभर खिमा आणि चीजचा तुकडा ठेवून कडा चिमटायच्या आणि भाजायचं. बुडवून खायला दही, मोहरी आणि मधाचा सॉस. यात चुकण्यासारखं काही नाहीच, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. नणंद वयाने धाकटी, पण वहिनीच्या हातचं खाताना चष्मा वर करून बघायची. मागच्या खेपेच्या कच्च्या भाताची गोष्ट तिने सगळ्या नात्यात पोचवली होती.

फ्रीजमध्ये तळमजल्यावरच्या काकूंचा डबा होता. काका गेल्यापासून काकूंना एकटीपुरतं रांधायला जमेना, म्हणून दर आठवड्याला एखादा डबा वर यायचा. पहिल्याच डब्यात एक पांढरा केस निघाला. तेव्हापासून वहिनीने एकही डबा चाखला नव्हता. सगळं कागदात गुंडाळून इमारतीमागच्या कचऱ्याच्या पिंपात, डबा घासूनपुसून परत, आणि वर गोड हसून, "फार छान झालं होतं हं, काकू." असं म्हणायचं आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

आजच्या डब्यात खिमा होता. कोरडा, मोकळा, भरायला हवा तसा. तिने उजेडात धरून केस शोधला. नव्हता. चाखून बघावं असं मनात आलं, पण जीभ धजली नाही. अडला हरी, दुसरं काय. तिने डबा पाऱ्यांवर रिकामा केला, कडेला चिकटलेलंसुद्धा बोटाने निपटून घेतलं.

बेल वाजली. दारात नणंद, तिचा नवरा आणि त्यांच्यामागे धाप लागलेल्या काकू. जिन्यापाशी भेटल्या, एकट्या काय बसता म्हणून वर घेऊन आले, असं नणंदेने सांगितलं. वहिनीने ओव्हनकडे धाव घेतली. पण बिस्किटं फुगून तांबूस झाली होती, वास घरभर सुटला होता, आणि आता ती लपवायला जागा नव्हती.

"बिस्किट म्हणे, आणि आत खिमा. उद्या चहात बुडवून मटण खायला घालशील," असं म्हणत नणंदेने एक तोडलं. चीजची तार लांबली. मग तिने लगेच दुसरं उचललं. तिच्या नवऱ्याने तर मान वर करायचंच सोडलं. खरोखर वहिनीच्या हातचा होता तो एकटा सॉस. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

काकूंनी लहानसा घास घेतला आणि चावता चावता थांबल्या. वहिनीने नजर बशीतून वर काढली नाही.

"वहिनी, आज मानलं तुला," नणंद म्हणाली. "हे मध्येमध्ये आंबटगोड काय लागतंय? काय घातलंयस?"

वहिनीने आपल्या बशीतलं बिस्किट उघडून बघितलं. मनुका? चिंच? टोमॅटो? नवरा कौतुकाने तिच्याकडे बघत होता. आपल्याच घरात, आपणच वाढलेल्या घासात काय आहे, ते तिला ठाऊक नव्हतं.

"सफरचंद असेल," काकू सावकाश म्हणाल्या. "बारीक चिरून अगदी शेवटी घातलं की असंच लागतं. आमच्या ह्यांना फार आवडायचं. हो ना गं?"

"हो," वहिनी म्हणाली. "सफरचंदच."

नणंदेला सगळी कृती हवी होती. हिने कांदा आधी लाल केला असेल, मग मिरपूड घातली असेल, असं असेल-असेल करत काकूंनीच ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. वहिनी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं.

उरलेली बिस्किटं बांधून घेऊन पाहुणे निघाले. नवरा त्यांना सोडायला खाली गेला. काकू मात्र रेंगाळल्या. डबा रिकामा असला तर दे, म्हणाल्या. तो ओट्यावर तसाच पडला होता. वहिनी घाईने नळाखाली धरायला गेली, तर काकूंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. घासायची काही गरज नाही, म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं. डब्यात कणसुद्धा नव्हता.

"काकू, मी..." वहिनी म्हणाली.

"आज पहिल्यांदाच संपला बघ," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरोखरच खूश दिसत होत्या. डबा पदराखाली धरून त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि कठडा धरून वळल्या.

"ती मांजर वाट बघत बसलीय खाली पिंपापाशी, माझ्या खिडकीसमोर. तिला आता काय सांगू?"