निळ्या चिंध्या

पेरणी तोंडावर आली तसं लावालीनं निळं कापड टराटरा फाडलं आणि शेतातल्या जुन्या खोडांना फुटलेल्या धुमाऱ्यांना एकेक चिंधी बांधत निघाला. ज्या धुमाऱ्याला चिंधी, त्याला कोयता लावायचा नाही, ही मरादीकडच्या गावांची रीत. कापड त्याच्या बायकोचं होतं, रकियाचं.

दर वर्षी चिंध्या तीच बांधायची आणि तिची पाठ वळली की हा त्या सोडून धुमारे छाटून टाकायचा.

"झाडांनी बाजरीचा घास पळवला तर पोरांना काय पाला घालू?" तो खेकसायचा.

"आणि बाजरी काय कच्ची खाणार?" म्हणून ती हसायची. मग दोरी उचलायची आणि उजाड माळ तुडवत दोन कोसांवरच्या रानात जळणाला जायची.

गेल्या उन्हाळ्यात त्या माळावरून तिला चौघांनी उचलूनच आणलं. ऊन लागलं होतं; त्यातून ती उठलीच नाही.

यंदा लावालीनं एकही धुमारा छाटला नाही. शेवटची गाठ मारून तो उठला, तर थोरली लेक तलातू मागे येऊन उभी.

"बाबा, ह्यांचं जळण कधी मिळेल?"

"चार-पाच वर्षं लागतील, पोरी."

तिनं मान हलवली.

"मग निघते मी. ऊन चढायच्या आत परतायला हवं," ती म्हणाली आणि आईची दोरी खांद्यावर टाकून माळाच्या वाटेला लागली.