घट्ट झाकण

न बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या ताईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून पाहिलं आणि त्या वैतागल्या. "परत सैल करून आणलंत ना?"

आई ओशाळली. "सवय हो. हात आपोआप जातो."

"आज त्या हातांना सुट्टी द्या." ताईंनी झाकण करकचून आवळलं, बाटली मुलासमोर ठेवली आणि आईला वर्गाबाहेर काढलं. "आणि बाहेरून खुणा करायच्या नाहीत. तो बघत नसला तरी तुम्ही करता."

बाहेर शाळेच्या बाई उभ्या होत्या. पोराला शाळेत घ्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं, "बोलत नाही तर राहू दे. पण काही हवं असलं तर ते कळवता आलं पाहिजे, कसंही. भरल्या वर्गात त्याच्या मनातलं कोण ओळखणार?"

दोघी दाराच्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

आत राजेंना तहान लागली. घरात त्याला राजेच म्हणत, कारण राजेंनी आजवर कधी काही मागितलंच नव्हतं. त्याआधीच आई हजर! राजेंनी झाकण ओढलं. चावून पाहिलं. बाटली आपटली. ताई शेजारीच बसून खडू निवडत होत्या, जसं काही त्यात एखादा हिरा सापडणार होता.

आईचे हात शिवशिवत होते. "अहो, घसा सुकला असेल त्याचा. एकदाच जाऊ का?"

"अजिबात नाही," शाळेच्या बाई म्हणाल्या. नाक मात्र त्यांनीही काचेला आणखी दाबलं.

राजे उठले. त्यांनी बाटली ताईंच्या मांडीवर ठेवली, त्यांचा हात धरला आणि झाकणावर नेऊन टेकवला. माणसाचा हात म्हणजे त्यांच्या लेखी झाकण उघडायचं अवजार. ताईंचा हात ढिम्म हलला नाही, मानही खालीच. काय दगडाची बाई आहे, आईच्या मनात आलं.

आणि मग ते झालं. कधी कुणाच्या नजरेला नजर न देणाऱ्या त्या पोरानं ताईंच्या हनुवटीखाली बोट घातलं, त्यांचा चेहरा हळूच वर केला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पाहतच राहिला.

"उघडू?" ताईंनी विचारलं.

त्यानं बाटली उचलून पुढे केली.

शाळेच्या बाई आईकडे वळल्या. "हे त्याला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही," आई म्हणाली. "अहो, आम्हाला तरी कुठं येतं हे!"

"सोमवारी पाठवा त्याला," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

थोड्या वेळानं राजे बाहेर आले, एक बूट पायात, एक हातात. आई सवयीनं वाकली आणि अर्ध्यातच थांबली. बाकावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. बूट तिच्या मांडीवर येऊन पडला. डोळे भरून आले, तरी ती हलली नाही.

मग तिच्या गुडघ्यावर इवल्याशा मुठीनं टकटक केली, दारावर करतात तशी.

आईनं मान वळवली.

"कोण आहे?" तिनं विचारलं.