ताजे पाणी

पालिकेच्या निरीक्षकाने नळाचे पाणी काचेच्या नळीत घेतले, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी दारातल्या उजेडात धरली. पाणी होते तसेच राहिले.

"पिवळं व्हायला हवं होतं," तो म्हणाला. "क्लोरीन उरलेलंच नाही. परवा नेलेल्या बाटलीत मैल्याचे जंतू निघालेत. चाळीचा पाइप गटारातून आलाय, कुठंतरी सडलाय."

"हे आम्हाला नाकानं कळत होतं, साहेब," शेजारची वनमाला उंबऱ्यापाशी उभी होती. "जरा आधी आला असतात, तर चहा पाजला असता. आता कोण पाजणार? चहाला पाणी कुठलं घालू?"

निरीक्षकाने नळी रिकामी केली. वयाने तो लहानच होता. कांदिवलीच्या या चाळीतल्या घराघरांत सकाळपासून तो हेच ऐकत आला असावा. वनमाला निघून गेल्यावर तो खोलीत आला, आणि भिंतीला टेकून बसलेल्या नंदासमोर जमिनीवरच बसला. तिची मुलगी सुलक्षणा गेल्या आठवड्यात गेली होती. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि इस्पितळात पोचेपर्यंत तीन वर्षांच्या त्या जिवाचे डोळे खोल गेले होते.

"विचारायला नको वाटतं," तो म्हणाला, "पण विचारावं लागतं. मुलीला पाणी कुठलं देत होता?"

"उकळलेलं. चाळीत पहिला माणूस आजारी पडला, तेव्हापासून. रोज रात्री स्वयंपाक आटोपला की मोठं पातेलं चढवत होते. रॉकेल पुरावं म्हणून दुपारचा चहा बंद केला होता आम्ही."

"खळखळून उकळत होतं?"

"खळखळून. मग गाळून हंड्यात भरायचं आणि झाकायचं. सकाळपर्यंत गार होई. दिवसभर तिला त्यातलंच."

"बाहेरचं काही? उसाचा रस, बर्फाचा गोळा?"

"काही नाही."

निरीक्षकाने मान हलवली. "मग समजत नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "उकळलेल्या पाण्यात हे जंतू टिकत नाहीत."

नंदाही गेले आठ दिवस याच जागी येऊन अडत होती. पातेले लवकर उतरवले का? गाळायचे फडके ओले होते का? आपला हात कुठे कमी पडला, एवढे कुणी सांगितले असते, तरी तिला चालले असते.

स्टोव्हपाशी बसलेल्या सुगंधाबाईंना, तिच्या सासूला, निरीक्षकाचे बोलणे टोचले. सुनेच्या शब्दावर तो विश्वास ठेवत नाही असे त्यांना वाटले. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि नंदाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"सायबानू, माझ्या सुनेक बोल लावू नकात. रोज रात्री पाणी उकळता ती, मी ह्या डोळ्यांनी बघलंय. आणि शिळां पाणी तर मी ह्या घरात ठेवूकच देत नाय. रातचां पाणी सकाळी शिळांच मा? उठल्याबरोबर हंडो रिकामो करतंय, चिचेन घासतंय आणि नळ इलो की ताजां पाणी भरतंय. नातीक माझ्या एक दिस शिळां पाणी पाजूक नाय मी."

नंदाने हंड्याकडे पाहिले.

नंदाला पहाटेचे आवाज ऐकू आले. सांडलेले पाणी, हंड्यावर फिरणारी चिंच, मग नळाची धार. ती उठू लागली की सासूबाई तिच्या अंगावर पांघरूण ओढत. "नीज गो जरा, रातचां जागरण तुजां." उजाडल्यावर हंडा गळ्यापर्यंत भरलेला असे, वर झाकण असे, पाणी गार असे. त्यात ओळखण्यासारखे काही नव्हते.

निरीक्षकही आता सुगंधाबाईंकडे पाहत होता. त्याचे ओठ विलग झाले.

"आजी, म्हणजे ते उकळलेलं—"

"साहेब," नंदा म्हणाली. तिचा आवाज एकदम मोठा झाला होता. "मघाशी मी खोटं बोलले. तिला उलट्या लागण्याआधीच्या रविवारी स्टेशनजवळ मी गोळा घेऊन दिला होता. बर्फाचा. त्यानंच झालं."

निरीक्षकाने तिच्याकडे पाहिले. तिने नजर हटवली नाही. शेवटी त्यानेच मान खाली घातली.

"पाइपाचं काय ते मी बघतो," तो हळूच म्हणाला, आणि नळी पुसून पेटीत ठेवू लागला.

"गोळो?" सुगंधाबाईंचा आवाज बारीक झाला. "चाळीत माणसां पटापट पडतत, आणि तू चेडवाक बर्फ दिलंस?"

"चुकलं माझं, आई."

"आणि मी तुझी बाजू घेऊन ह्या परक्या माणसाशी भांडतंय."

"उद्यापासून पाणी मी भरीन," नंदा म्हणाली. "तुम्ही हंड्याला हात लावू नका."

सुगंधाबाई पाठ फिरवून स्टोव्हपाशी जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. नंदा जागची उठली नाही.

त्या रविवारी गोळ्याच्या गाडीपाशी सुलक्षणाने लाल गोळ्यासाठी रस्त्यात बसकण मारली होती. नंदाने तिला एक धपाटा घालून, रडती, कडेवर घरी आणली होती. आणि रडून रडून तिच्या घशाला कोरड पडली, तेव्हा हंड्यातले भांडेभर पाणी स्वतःच्या हाताने पाजले होते.