शेजारचा ब्रेक

"झिजले परत," मिस्त्री म्हणाला आणि चाकांमागून काढलेले ब्रेक पॅड त्याने धाकटीसमोर स्टुलावर ठेवले.

धाकटीने ते उलटसुलट करून पाहिले. मागच्या खेपेला डावीकडचे पॅड झिजून नुसता पत्रा उरला होता आणि उजवीकडचे अर्धेअधिक शिल्लक होते. तेव्हा मिस्त्रीने डाव्या बाजूची अडकलेली पिन साफ केली, ग्रीस भरलं, नवे पॅड घातले आणि आता वर्षभर बघायला नको म्हणून सांगितलं. आता दोन्ही बाजू सारख्या झिजल्या होत्या. सारख्या म्हणजे, दोन्हीकडे काही उरलंच नव्हतं.

"माझ्या दुसऱ्या गाडीचे अजून जाडजूड आहेत," ती म्हणाली. "दोन्ही एकदमच घेतल्या. रस्ते तेच, शिकायला येणारे तसलेच. मग हीच का पॅड खाते?"

"त्या गाडीवर शिकवतं कोण?"

"आमच्याकडचे सर."

"आणि हिच्यावर तुम्ही." मिस्त्रीने फडक्याला हात पुसत शिकवणाऱ्याच्या सीटपुढच्या जादा ब्रेक-पेडलकडे पाहिलं. "बाई, यावर पाय ठेवून बसता का?"

धाकटीचं पित्त खवळलं. इतकी वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. "मी वेळ आली तरच दाबते. ते काय पायपुसणं आहे?"

"डिस्क तापून निळी पडलीय. कोणीतरी सारखा ब्रेक धरून ठेवतंय. या पेडलची केबलसुद्धा तुटायला आलीय."

"मग शिकणारे धरत असतील," ती म्हणाली आणि तिची नजर आपसूक बाकड्यावर बसलेल्या ताईकडे गेली.

ताई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिला या वयात स्टिअरिंग धरायची हौस नव्हती. भाऊजींची नजर अधू झाली, त्यांची गाडी दारात उभी राहिली आणि एक दिवसाआड त्यांना डायलिसिसला न्यायचं कोणी, हा प्रश्न घरात येऊन बसला. शेजारी आधी हौसेने यायचे, मग त्यांना कामं निघू लागली. म्हणून ताई सख्ख्या धाकट्या बहिणीकडे शिकायला आली. परीक्षेत दोनदा नापास झाली. घरी आल्यावर भाऊजी "असू दे गं" म्हणाले, तेच तिला जास्त लागलं. आता परवा पुन्हा परीक्षा होती, आणि अजूनही वळण आलं की ती रस्त्याच्या आधी धाकटीच्या पायाकडे बघायची. धाकटीने हात टेकले होते.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. शिकवणीच्या वेळेवरून कोणीतरी हुज्जत घालत होतं. ती बाहेर गेली आणि बराच वेळ तावातावाने बोलत राहिली. परत आली तोवर चाकं चढली होती. मिस्त्री रस्त्यात बंद पडलेल्या कुणाच्या गाडीसाठी निघून गेला होता.

"झाली गाडी," ताई म्हणाली.

"झाली म्हणे. महिन्याने परत यायचंच आहे," धाकटी पुटपुटली आणि गाडी बाहेर काढली.

गोदामांच्या मागचा रस्ता दुपारी रिकामा असायचा. तिथे दोघींनी जागा बदलल्या. ताईने गिअर टाकला आणि धाकटीचं सुरू झालं. "क्लच हळू सोड. आरशात बघ. खांद्याला काय झालंय, सैल सोड की. आता वळण आहे, ब्रेक. ब्रेक म्हटलं ना, ताई!"

वळण ताईने संथ घेतलं. पुढचंही घेतलं. चढावर गाडी मागे घसरली नाही. धाकटीला जरा नवल वाटलं. नवे पॅड चांगले लागलेत, तिने मनाशी म्हटलं. माझाही पाय वेळेवर पडतोय.

अचानक एका गोदामाच्या फाटकातून टेम्पो मागे मागे येत थेट रस्त्यात घुसला. धाकटीने होता नव्हता तेवढा जोर लावून पेडल दाबलं. टायर किंचाळले. टेम्पो वीतभर पुढे असताना गाडी थांबली. टेम्पोवाल्याने खिडकीतून हात हलवला आणि तो निघून गेला.

धाकटीचा संताप आता मावेना. "मेलो असतो आपण! परवा शेजारी मी नसेन, कळतंय का तुला? परीक्षा सोड, भाऊजींना घेऊन निघशील तेव्हा काय करशील? आत्ता मी दाबला नसता तर?"

ताईने हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"खाली बघ," ती म्हणाली.

धाकटीने पाहिलं. तिचं पेडल तळाला टेकलं होतं. तिने पाय उचलला. पेडल वर आलंच नाही.

"मिस्त्रींनी केबल काढून ठेवलीय. नवी उद्या मिळणार. तोवर या गाडीवर शिकवू नका, असा तुझ्यासाठी निरोप होता."

धाकटीने वाकून पेडल हाताने वर उचललं आणि सोडलं; ते परत तळाला पडलं. "मग दिला का नाहीस?"

"दिला असता तर चालवू दिली असतीस? माझा ब्रेक लागतोय, ते तू इथवर चालवत आणलीस तेव्हा बघून घेतलं होतं मी." ताईने किल्ली फिरवली. "आता पाय वर घे आणि नीट बस."