‘भरीत’चा दुसरा अल्बम

‘भरीत’ या पॉप पंक बँडचा पहिला अल्बम प्रेमराजच्या मेहरूणमधल्या घरी, मागच्या खोलीत रेकॉर्ड झाला. दर गाण्याला त्याचे वडील, उखर्डू आबा, काठीने दार बडवायचे. “बंद करा रे हाई! मना कान फुटनात!” ती थाप आणि तो ओरडा तसाच अल्बममध्ये गेला आणि ऐकणाऱ्यांना नेमका तोच आवडला.

दुसरा अल्बम मात्र इतका मवाळ निघाला की दातांच्या दवाखान्यातही लावता यावा. धुळ्याच्या कार्यक्रमात एका चाहत्याने विचारलंच, “काय भाऊ, दम संपला का?”

“मॅच्युअर झालो,” प्रेमराज म्हणाला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

पहिल्या अल्बमनंतर आबा वारले होते. त्यानंतर महिनाभर तो आवाज पूर्ण वाढवून, दाराकडे बघत गिटार वाजवत होता. दार काही वाजलं नाही, तसा आवाज आपोआप उतरत गेला.

धुळ्याहून परतल्यावर तो सरावाला बसला आणि दारावर काठीची थाप पडली.

 

बाहेर आई उभी होती. “भाऊ, आवाज मोठा कर ना रे,” ती म्हणाली, “बठ्ठं घर सुनं लागस.”