भंडारा उचलला तो दिवस

माझी पत्नी मोनिका दौंडच्या एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवीत असे, आणि तिला नशेच्या पावडरीचे व्यसन होते. गेल्या रविवारी तिने खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली.

"परत घेतली, तर यांचं तोंड मला दिसू नये."

माझ्या आईनेही भंडारा उचलला. "आन् मी हिचं काय झाकलं, तर मलाबी दिसू नये."

माझ्या अंतःकरणास परम समाधान वाटले.

काल रांजणगावची पहिली पाळी संपवून मी कंपनीच्या बसमधून उतरलो. मोनिका ओट्यावर गिटारच्या तारा बदलीत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिने मान वर केली, आणि तिची दृष्टी माझ्यातून आरपार रस्त्याकडे गेली.

मी तिचा हात धरला. तिने तो पदराला पुसला.

"आत्या, बस तर गेली. हे कुठं राहिले?"

म्हणजे तिने शपथ मोडली होती. निदान आई तरी माझी होती. मी आशेने दाराकडे वळलो.

आई बाहेर आली. कपाळावर आडवा हात धरून तिने माझ्या तोंडाच्या दिशेने बराच वेळ पाहिले.

"मलाबी दिसंना गं," ती म्हणाली.